गुडघेबदल शस्त्रक्रियेनंतरची वेदना: ओपिऑइड कमी घेऊनही आराम कसा मिळतो?

गुडघा बदलण्याची शस्त्रक्रिया ठरली की घरात दोन प्रकारची भीती असते. पहिली, "खूप दुखेल का हो?" आणि दुसरी, "त्या दुखण्याच्या गोळ्यांनी किडनी जाईल, सवय लागेल." पहिल्या भीतीपोटी काही जण मिळेल ती जोरदार गोळी घेत राहतात. दुसऱ्या भीतीपोटी काही जण लिहून दिलेली साधी गोळीही घेत नाहीत आणि दात-ओठ खाऊन दुखणे सहन करतात. दोघांची गाडी बरेचदा एकाच ठिकाणी अडते: व्यायाम होत नाही आणि नवा गुडघा पुरेसा वाकत नाही.

भूलतज्ज्ञ म्हणून मला काळजीने विचारले जाणारे प्रश्न बहुतेक वेळा शस्त्रक्रियेच्या दिवशीचे नसतात, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीचे असतात. "डॉक्टर, काल आई स्वतः वॉकर धरून चालली. आज पायाला हात लावू देत नाही. गोळी दिली की नुसती झोपून राहते, जेवली की उलटी होते. काय करायचं?"

या प्रश्नाचे उत्तर समजून घेण्यासाठी हा लेख आहे. त्यातली मुख्य गोष्ट आधीच सांगतो. ओपिऑइड कमी घेणे म्हणजे दुखणे सोसणे नव्हे. वेगवेगळ्या मार्गांनी काम करणारी साधी औषधे ठरलेल्या वेळी घेतली, तर जोरदार औषधाची गरजच कमी पडते. हे तत्त्व खुबा किंवा खांदा बदलण्याच्या शस्त्रक्रियेलाही लागू आहे, पण येथे उदाहरण गुडघ्याचे घेऊ.

ओपिऑइड म्हणजे कोणती औषधे?

अफूपासून मिळणारे मॉर्फिन आणि त्याच पद्धतीने काम करणारी इतर औषधे म्हणजे ओपिऑइड. कोडीन, ट्रामाडॉल, टॅपेंटाडॉल, फेंटानिल, ब्युप्रेनॉर्फिन ही सगळी याच गटातली. आपल्याकडे शस्त्रक्रियेनंतर घरी जाताना यांपैकी ट्रामाडॉल बऱ्याचदा लिहून दिले जाते, तेही अनेकदा पॅरासिटामॉलसोबत एकाच गोळीत. आपण घेतोय ती गोळी ओपिऑइड आहे, हे अनेक रुग्णांना माहीतच नसते. काही वेळा छातीवर किंवा दंडावर चिकटवायचा पॅच दिला जातो. त्यातही याच गटाचे औषध असते.

ही औषधे मेंदू आणि मज्जारज्जूतील ठरावीक जागी जाऊन काम करतात आणि दुखण्याची जाणीव बोथट करतात. पण गुडघ्यातली सूज त्यांनी कमी होत नाही. शिवाय अशाच जागा आतड्यांत असतात, मळमळ जाणवणाऱ्या केंद्रात असतात आणि श्वासावर नियंत्रण ठेवणाऱ्या भागातही असतात. म्हणून या औषधांबरोबर पुढील त्रास होऊ शकतात:

- मळमळ, उलटी, जेवण नकोसे होणे
- बद्धकोष्ठता
- गुंगी, चक्कर, चालताना तोल जाणे
- लघवी अडकणे
- वयस्कर व्यक्तींमध्ये गोंधळलेपणा, वेळ-जागेचे भान सुटणे
- मात्रा जास्त झाल्यास श्वास मंद होणे

सत्तरीतल्या रुग्णाच्या बाबतीत हे त्रास किरकोळ नाहीत. गुंगीत उठून बाथरूमला जाताना पडले, तर नवीन सांध्याच्या आसपासचे हाड मोडू शकते. उलट्यांमुळे पाणी कमी पडले, तर किडनीवर ताण येतो. आणि दिवसभर झोपून राहिले, तर पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो.

अमेरिकेत १९९० च्या दशकात अशा गोळ्या सढळ हाताने लिहून दिल्या जाऊ लागल्या. १९९६ मध्ये बाजारात आलेली ऑक्सिकॉन्टिन ही त्यातली सर्वांत गाजलेली गोळी. पुढे व्यसन आणि जादा मात्रेमुळे होणारे मृत्यू हा तिथला मोठा सामाजिक प्रश्न बनला आणि शस्त्रक्रियेनंतरच्या गोळ्यांचाही नव्याने विचार सुरू झाला. आपल्याकडचे चित्र वेगळे आहे. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यातील कडक अटींमुळे कॅन्सरच्या रुग्णांनाही मॉर्फिन मिळणे अवघड होते. २०१४ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून त्या अटी सोप्या केल्या गेल्या. दुसरीकडे, ट्रामाडॉल मात्र वर्षानुवर्षे सहज हाताशी येत राहिले. २०१८ मध्ये तेही या कायद्याखाली आले. त्यामुळे ओपिऑइड वाईट, असा धडा आपण घेऊ नये. योग्य रुग्णाला, योग्य वेळी, थोड्या दिवसांसाठी दिले तर ते उपयोगाचे औषध आहे. फक्त वेदनेवरचा सगळा भार त्याच्यावर टाकू नये.

एकाच औषधावर अवलंबून का राहू नये?

गुडघा बदलताना त्वचा आणि खालचे थर उघडले जातात, हाडाची झिजलेली टोके कापून तिथे धातूचे आणि प्लास्टिकचे भाग बसवले जातात. या जखमेच्या जागी सूज आणणारी रसायने तयार होतात. ती तिथल्या नसांची टोके हुळहुळी करतात. नसा हा निरोप मज्जारज्जूकडे नेतात. निरोप सतत येत राहिला, की मज्जारज्जूही संवेदनशील होतो आणि मग साधा स्पर्शही दुखतो.

म्हणजे वेदनेच्या वाटेवर तीन-चार ठाणी आहेत. प्रत्येक ठाण्यावर थोडे थोडे अडवले, तर शेवटच्या ठाण्यावर मोठी फौज लागत नाही. डेन्मार्कमधील शल्यचिकित्सक हेन्रिक केहलेट यांनी १९९० च्या दशकात हा विचार ठामपणे मांडला. रुग्णाला लवकर उठवायचे, लवकर खाऊ घालायचे आणि त्यासाठी वेदना अनेक बाजूंनी हाताळायची, ही त्यांची मांडणी आज जगभर वापरली जाते. युरोपातील तज्ज्ञांच्या 'प्रॉस्पेक्ट' या गटाने गुडघेबदलासाठी केलेल्या शिफारशींतही पॅरासिटामॉल, सूज कमी करणारी औषधे, नसेजवळचे इंजेक्शन आणि सांध्याभोवतीचे इंजेक्शन यांवर भर आहे. ओपिऑइड हे गरज पडली तरच वापरायचे औषध मानले आहे.

ऑपरेशन थिएटरमध्ये काय केले जाते?

वेदना कमी करण्याचे काम तुम्ही शुद्धीवर येण्याआधीच सुरू झालेले असते. बहुतेक ठिकाणी पुढीलपैकी काही गोष्टी केल्या जातात.

कमरेत इंजेक्शन देऊन भूल: यात कमरेखालचा भाग काही तास बधिर राहतो. अनेक रुग्णांत पूर्ण बेशुद्ध न करता शस्त्रक्रिया करता येते.

नसेजवळ इंजेक्शन: मांडीच्या आतल्या बाजूला, सोनोग्राफीवर पाहत, गुडघ्याकडे जाणाऱ्या नसेभोवती बधिर करणारे औषध सोडतात. पूर्वी जांघेजवळची मोठी नस बधिर करत. त्याने दुखणे थांबे, पण मांडीचे स्नायूही ढिले पडत आणि उभे राहताना पाय दुमडे. आताच्या पद्धतीत मांडीची ताकद बरीचशी टिकते, म्हणून रुग्णाला लवकर चालवता येते.

सांध्याभोवती इंजेक्शन: शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर टाके घालण्याआधी सांध्याभोवतीच्या थरांत औषध सोडतात. गुडघ्याच्या मागच्या बाजूचे दुखणे यामुळे कमी होते.

डेक्सामेथासोनचे इंजेक्शन: हे एक प्रकारचे स्टेरॉइड आहे. शस्त्रक्रियेच्या वेळी दिलेल्या एका मात्रेने मळमळ आणि वेदना दोन्ही कमी होतात. मधुमेह असेल तर एक-दोन दिवस साखर वाढू शकते, म्हणून ती वरचेवर तपासतात. काही मधुमेही रुग्णांत हे इंजेक्शन टाळले जाते.

शस्त्रक्रियेआधीच्या भेटीत तुमच्या भूलतज्ज्ञांना मोकळेपणाने विचारा: "मला नसेजवळचं इंजेक्शन देणार का? त्याचा असर किती वेळ राहील? तो उतरल्यावर काय घ्यायचं?" यातला शेवटचा प्रश्न विसरू नका.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी एकदम का दुखते?

नसेजवळ एकदाच दिलेल्या इंजेक्शनचा असर साधारण १२ ते २४ तास राहतो. त्या काळात रुग्ण म्हणतो, "अहो, काहीच दुखत नाही." मग त्याला गोळ्यांची गरज वाटत नाही. असर उतरतो तेव्हा मात्र शरीरात दुसरे कोणतेच औषध पुरेसे नसते आणि सूज वाढत असते. त्यामुळे दुखणे एकदम उसळते.

यावर उपाय सोपा आहे: दुखत नसतानाही गोळ्या सुरू ठेवा. बधिरपणा असतानाच पॅरासिटामॉल आणि सूज कमी करणारे औषध वेळेवर गेलेले असेल, तर असर उतरताना झटका कमी बसतो. पहिले तीन-चार दिवस दुखण्याची वाट पाहू नका, घड्याळाकडे पाहा. दुखणे शिगेला पोहोचल्यावर ते आटोक्यात आणायला जास्त औषध लागते.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वाढलेले दुखणे म्हणजे शस्त्रक्रिया बिघडली, असा अर्थ बहुधा नसतो. पण ठरलेल्या गोळ्या घेऊनही दुखणे वाढतच असेल, तर डॉक्टरांना कळवायलाच हवे.

घरी घ्यायची औषधे

१. पॅरासिटामॉल

तापाची गोळी म्हणून आपण तिला ओळखतो, म्हणून अनेकांना ती फुसकी वाटते. पण दिवसभर वेळेवर घेतली तर ती बाकीच्या औषधांना भक्कम आधार देते. प्रौढांसाठी २४ तासांतली कमाल मर्यादा ४ ग्रॅम, म्हणजे ४००० मिलिग्रॅम आहे. वजन ५० किलोपेक्षा कमी असेल, वय जास्त असेल, यकृताचा आजार असेल किंवा रोज दारू घेण्याची सवय असेल, तर डॉक्टर ही मर्यादा आणखी खाली आणतात.

२. सूज कमी करणारी वेदनाशामके

डायक्लोफेनॅक, असेक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, नॅप्रोक्सेन, सेलेकॉक्सिब, एटोरिकॉक्सिब ही या गटातली औषधे. सूज आणणारी रसायने ती तयारच होऊ देत नाहीत. ओपिऑइड जे करत नाही ते हा गट करतो, म्हणून ज्यांना चालतो त्यांच्यासाठी तो फार उपयोगाचा आहे.

पण तो सर्वांना चालत नाही. पुढीलपैकी काही असेल तर डॉक्टरांना आधी सांगा:

- किडनीचा आजार किंवा क्रिएटिनिन वाढलेले
- पोटात अल्सर किंवा रक्तस्राव झालेला असणे
- हृदयविकार, अँजिओप्लास्टी, पक्षाघात, आटोक्यात नसलेला रक्तदाब
- दमा, विशेषतः अशा गोळीने पूर्वी दम लागला असेल तर
- रक्त पातळ करणारी गोळी किंवा इंजेक्शन सुरू असणे

शेवटचा मुद्दा महत्त्वाचा, कारण गुडघेबदलानंतर गुठळी होऊ नये म्हणून बहुतेकांना असे औषध काही दिवस दिले जाते. दोन्ही एकत्र घेताना रक्तस्रावाचा धोका वाढतो. त्यामुळे कोणती गोळी, किती दिवस आणि सोबत पोटाची गोळी हवी का, हे डॉक्टरांनीच ठरवायचे.

या गोळ्या जेवणानंतर घ्या. एकादशी-चतुर्थीचा उपवास असला तरी रिकाम्या पोटी घेऊ नका. शक्य असेल तर या काही आठवड्यांत कडक उपवास टाळाच. उलट्या किंवा जुलाब होत असतील, पाणी पोटात टिकत नसेल, तर गोळी घेण्याआधी डॉक्टरांना फोन करा. रक्तदाबाच्या काही गोळ्या, लघवी वाढवणारी गोळी आणि हे वेदनाशामक अशी तिन्ही एकत्र चालू असताना शरीरात पाणी कमी पडले, तर किडनीला इजा होऊ शकते.

"किडनी जाते" ही भीती येथूनच आलेली आहे. ती निराधार नाही, पण तिला संदर्भ हवा. किडनी चांगली असलेल्या व्यक्तीने डॉक्टरांच्या देखरेखीखाली काही दिवस गोळी घेणे वेगळे, आणि वर्षानुवर्षे मेडिकलमधून स्वतःच आणून खाणे वेगळे.

३. ओपिऑइड, राखीव म्हणून

वरच्या दोन्ही गोष्टी वेळेवर घेऊन, बर्फ लावून, पाय उंच ठेवूनही झोप लागत नसेल किंवा व्यायाम करता येत नसेल, तेव्हा ही गोळी. लिहून दिलेल्या सर्वांत कमी मात्रेपासून सुरुवात करायची. बऱ्याच रुग्णांना ती काही दिवसच लागते. काहींना अजिबात लागत नाही, तर काहींना एक-दोन आठवडे लागते. लागली म्हणून अपराधी वाटायचे कारण नाही.

४. प्रीगाबालिन, गाबापेन्टिन

ही नसांच्या दुखण्यावरची औषधे. पूर्वी गुडघेबदलात ती सरसकट दिली जात. आता तसे करू नये असे मत आहे, कारण वयस्कर रुग्णांत त्यांनी गुंगी आणि चक्कर येते आणि ओपिऑइडसोबत घेतल्यास श्वास मंदावू शकतो. तुम्हाला ती दिली असतील तर परस्पर बंद करू नका, पण "ही कशासाठी आहे?" हे जरूर विचारा.

एकच औषध दोन-तीनदा पोटात जात नाही ना?

ही चूक मी वारंवार पाहतो आणि ती अगदी सहज होते. एक उदाहरण घेऊ. रुग्णाला शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनी दोन गोळ्या दिल्या आहेत:

- असेक्लोफेनॅक आणि पॅरासिटामॉलची एकत्र गोळी, दिवसातून २ वेळा (प्रत्येकीत पॅरासिटामॉल ३२५ मिलिग्रॅम)
- ट्रामाडॉल आणि पॅरासिटामॉलची एकत्र गोळी, दिवसातून ३ वेळा (प्रत्येकीत पॅरासिटामॉल ३२५ मिलिग्रॅम)

घरी कणकण वाटली म्हणून मुलाने कपाटातली पॅरासिटामॉल ६५० दिवसातून ४ वेळा सुरू केली. आता बेरीज करा: ६५० + ९७५ + २६०० = ४२२५ मिलिग्रॅम. एकही गोळी 'जोरदार' नव्हती, तरी मर्यादा ओलांडली. त्यात रुग्ण ४५ किलो वजनाच्या आजी असतील, तर धोका आणखी मोठा.

म्हणून प्रत्येक पाकिटावरचे मोठे नाव नव्हे, खालची बारीक अक्षरे वाचा. वाचता येत नसतील तर सगळ्या स्ट्रिप एका पिशवीत घालून डॉक्टरांना किंवा फार्मासिस्टना दाखवा. त्यात जुन्या गोळ्या, झोपेची गोळी, खोकल्याचे औषध हेही असू द्या. आणि शस्त्रक्रियेनंतर ताप आला तर तो आपल्या मनाने गोळ्या घेऊन दाबू नका, आधी डॉक्टरांना कळवा.

दिवसाचे वेळापत्रक कसे असावे?

खालचा नमुना फक्त कल्पना यावी म्हणून आहे. तुमची औषधे आणि मात्रा तुमच्या डॉक्टरांच्या चिठ्ठीप्रमाणेच घ्या.

- सकाळी ६: पॅरासिटामॉल
- नाश्त्यानंतर: सूज कमी करणारी गोळी. त्यानंतर अर्ध्या-पाऊण तासाने व्यायाम
- दुपारी १२: पॅरासिटामॉल. जेवण, बर्फ, पाय उंच करून विश्रांती
- संध्याकाळी ६: पॅरासिटामॉल. नंतर व्यायाम आणि थोडे चालणे
- रात्री जेवणानंतर: सूज कमी करणारी गोळी (दिवसातून दोनदा सांगितली असेल तर)
- झोपताना: गरज असेल तरच राखीव गोळी
- रात्री १२ च्या सुमारास किंवा जाग येईल तेव्हा: पॅरासिटामॉल

एका वहीत चार रकाने आखा: वेळ, कोणती गोळी, दुखणे ० ते १० पैकी किती, आणि त्या वेळी काय करता आले. दुखणे शून्यावर आणणे हे ध्येय नाही. गुडघा वाकवता यावा, वॉकर धरून बाथरूमपर्यंत जाता यावे, सलग काही तास झोप लागावी, इतके ते कमी झाले की पुरे. "दुखतंय ४, पण व्यायाम झाला" ही चांगली नोंद आहे. "दुखतंय २, पण दिवसभर झोपून" ही चांगली नोंद नाही.

गोळीशिवाय काय मदत करते?

बर्फ: कापडात गुंडाळून १५ ते २० मिनिटे, दिवसातून काही वेळा. थेट त्वचेवर ठेवू नका आणि पट्टी ओली होऊ देऊ नका. पाय अजून बधिर असेल किंवा मधुमेहामुळे संवेदना कमी असेल तर विशेष काळजी घ्या. याने दुखणे थोडेच कमी होते, पण खर्च नाही.

पाय उंच: झोपून टाच आणि पोटरीखाली उशा ठेवा, पाय छातीच्या पातळीपेक्षा वर येऊ द्या. गुडघ्याच्या बरोबर खाली उशी ठेवून झोपू नका. त्या क्षणी बरे वाटते, पण गुडघा वाकलेल्या स्थितीत आखडतो.

हालचाल: जागे असताना दर तासाला घोटा वर-खाली करा. मांडी आवळून गुडघा गादीकडे दाबा. टाच गादीवरून सरकवत गुडघा वाकवा. फिजिओथेरपिस्टनी शिकवलेले व्यायाम थोडे थोडे, दिवसातून अनेकदा करा. एकदम खूप चालून सूज वाढवण्यापेक्षा हे बरे. घरातली माणसे प्रेमापोटी "हलू नको, आराम कर" म्हणतात. त्यांनाही हा भाग वाचून दाखवा.

तेल आणि लेप: जखम पूर्ण भरेपर्यंत टाक्यांजवळ तेल, लेप, बाम काहीही लावू नका आणि गरम शेक देऊ नका. हळदीचे दूध प्यायला हरकत नाही, पण ते गोळीची जागा घेत नाही.

ओपिऑइड घेत असाल तर

- झोपेची किंवा चिंतेची गोळी (उदाहरणार्थ अल्प्राझोलम) आणि दारू यांसोबत घेऊ नका. श्वास मंदावू शकतो. अशी गोळी रोजची असेल तर ती परस्पर बंद न करता डॉक्टरांना सांगा.
- खूप घोरणे, झोपेत श्वास अडकणे असा त्रास असेल तर आधीच कळवा.
- नैराश्यावरची काही औषधे ट्रामाडॉलसोबत धोकादायक ठरू शकतात. फिट येण्याचा आजार असेल तर ट्रामाडॉल बहुधा टाळतात.
- बद्धकोष्ठतेची वाट पाहू नका. डॉक्टरांना विचारून पहिल्या दिवसापासून पोट साफ होण्याचे औषध घ्या. या प्रकारच्या बद्धकोष्ठतेत नुसता इसबगोल फारसा उपयोगी पडत नाही आणि पाणी कमी प्यायल्यास त्रास वाढू शकतो.
- पॅच लावला असेल तर त्यावर गरम पाण्याची पिशवी ठेवू नका. उष्णतेने औषध जास्त वेगाने शरीरात जाते. काढलेल्या पॅचमध्येही औषध शिल्लक असते. तो चिकट बाजू आत दुमडून, मुलांच्या हाती लागणार नाही असा टाका. फेंटानिलचा पॅच ओपिऑइडची सवय नसलेल्या व्यक्तीला अशा दुखण्यासाठी लावायचा नसतो.
- उरलेल्या गोळ्या शेजारच्या काकूंच्या गुडघ्यासाठी देऊ नका.

बंद करताना क्रम साधारण असा: आधी ओपिऑइड, मग सूज कमी करणारी गोळी, शेवटी पॅरासिटामॉल. ओपिऑइड दोन आठवड्यांपेक्षा जास्त दिवस रोज घेतले असेल, तर एकदम न थांबवता डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी करा.

शस्त्रक्रियेआधी हे लपवू नका

गुडघेदुखीला कंटाळून अनेक जण आधीपासून काहीबाही घेत असतात. "रोज एक गोळी घेतो, त्याशिवाय चालवत नाही" असे असेल, तर ती कोणती आहे ते पाहा. ती ट्रामाडॉल असेल तर शरीराला तिची सवय झालेली असते. अशा रुग्णांना शस्त्रक्रियेनंतर जास्त दुखते आणि नेहमीची मात्रा पुरत नाही. आधीच कळले तर ती कमी करता येते किंवा तशी योजना करता येते.

दुसरी गोष्ट सांधेदुखीच्या पुड्यांची. नाव-घटक न लिहिलेल्या काही पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले असते. ते दीर्घकाळ घेतल्यास शरीर स्वतःचे स्टेरॉइड बनवणे कमी करते, आणि शस्त्रक्रियेच्या ताणात रक्तदाब अचानक घसरू शकतो. कोणी रागावेल म्हणून हे लपवू नका. आम्हाला ते माहीत असेल तर उपाय आहे. तंबाखू, मशेरी, सिगारेट, दारू यांबद्दलही खरे सांगा.

किती दिवस दुखेल?

पहिला आठवडा सर्वांत कठीण. दोन ते सहा आठवड्यांत दुखणे बरेच उतरते. रात्रीचे ठणकणे आणि व्यायामानंतरची सूज त्यानंतरही काही आठवडे राहू शकते. तीन महिन्यांपर्यंत गुडघा थोडा गरम आणि सुजलेला वाटणे हे अनेकांत दिसते. मात्र सगळ्यांचे दुखणे पूर्ण जात नाही. पाचपैकी एका रुग्णापर्यंत हे प्रमाण सांगितले जाते. तीन महिन्यांनंतरही झोपमोड होण्याइतके दुखत असेल तर गोळ्या वाढवत बसू नका, कारण शोधण्यासाठी पुन्हा डॉक्टरांना दाखवा.

ताबडतोब संपर्क साधा

- रुग्ण हाका मारूनही नीट जागा होत नाही, श्वास फार मंद, ओठ निळसर
- अचानक धाप लागणे, छातीत दुखणे
- पोटरी सुजून दुखणे, कडक होणे
- जखमेतून पू किंवा सतत पाझर, थंडी वाजून ताप, वाढती लाली
- काळी शौच, रक्ताची उलटी
- लघवी खूप कमी होणे किंवा न होणे
- नवीन गोंधळलेपणा, असंबद्ध बोलणे

पहिल्या दोन लक्षणांत फोनवर सल्ला घेत बसू नका. १०८ वर रुग्णवाहिका बोलवा.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

रात्री गाढ झोपेतून उठवून गोळी द्यायची का?
पॅरासिटामॉलसाठी मुद्दाम उठवायची गरज नाही. जाग येईल तेव्हा द्या, मात्र दोन मात्रांत सहा तासांचे अंतर ठेवा. गुंगीत असलेल्या रुग्णाला ओपिऑइडची पुढची मात्रा तर कधीच उठवून देऊ नये.

थोडे दिवस घेतले तरी व्यसन लागेल का?
डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे काही दिवस घेतल्याने बहुतेकांना व्यसन लागत नाही. दुखण्यासाठी नव्हे, तर बरे वाटावे किंवा झोप यावी म्हणून गोळी घ्यावीशी वाटू लागली, तर ते डॉक्टरांशी बोलायचे लक्षण आहे. पूर्वी कसलेही व्यसन असेल तर आधीच सांगा.

माझी किडनी कमकुवत आहे. मग मी काय घ्यायचे?
सूज कमी करणाऱ्या गोळ्या बहुधा टाळल्या जातील. अशा वेळी नसेजवळचे आणि सांध्याभोवतीचे इंजेक्शन, पॅरासिटामॉल, बर्फ यांवर जास्त भर देतात. ओपिऑइड लागलेच तर किडनीला झेपेल असे आणि कमी मात्रेत निवडतात. म्हणूनच ही योजना शस्त्रक्रियेच्या आधी ठरलेली बरी.

शेवटी एवढेच लक्षात ठेवा: साध्या गोळ्या वेळेवर, जोरदार गोळी गरजेपुरती आणि व्यायाम रोज. दुखणे लपवू नका आणि गोळीमागे लपूही नका. दवाखान्यातून घरी निघण्याआधी डॉक्टरांकडून चिठ्ठीवर तीन गोष्टी लिहून घ्या: कोणती गोळी घड्याळाप्रमाणे, कोणती गरजेप्रमाणे, आणि रात्री अडचण आली तर फोन कोणाला करायचा.

(हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. तुमची औषधे, मात्रा आणि कालावधी तुमची तपासणी केलेल्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच ठरवा.)